बोयाला बांधलेला डबा

सकाळी सहा वाजता मर्लिनने रोजच्यासारखं हिरवं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न होता, 'पाचूबंदर, नऊ बोटी, जागा बरोबर?' आणि तिने चहाचा कप तोंडाला लावता लावता 'बरोबर' असं सांगून टाकलं. बरोबर नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण गेलं दीड वर्ष ती रोज हेच करत होती, आणि रोजचं खोटं माणसाला टोचेनासं होतं.

मर्लिन पाचूबंदर गावच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात कारकून. ऑफिस म्हणजे जेटीच्या तोंडाशी एक खोली. एका खिडकीतून लिलावाची शेड दिसायची, दुसरीतून समुद्र. भिंतीवर पूर्वी नुसता क्रूस आणि कॅलेंडर होतं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या शेजारी एक भलामोठा पडदा येऊन बसला. त्यावरच्या नकाशाचं नाव सागरपट. मोठी बंदरं, जहाजवाले, जहाजं ओढणारे टगवाले, हवामानवाले आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्या, सगळ्यांनी आपापली माहिती त्या एकाच नकाशावर टाकायची आणि सगळ्यांनी तोच नकाशा बघायचा, अशी ती योजना होती. जहाजं निळी, मासेमारीच्या बोटी लाल. त्यासाठी प्रत्येक बोटीला जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र फुकट मिळालं होतं, आणि ते दर मिनिटाला आपली जागा कळवायचं.

फुकट डबा कोण सोडणार? सगळ्यांनी घेतला. पण आपण दर्यात नेमके कुठे आहोत हे जगाला सांगायचं म्हटल्यावर पाचूबंदरला ते परवडणारं नव्हतं. त्याला कारणही तसंच होतं. इथे बोंबलासाठी डोल लावतात. समुद्राच्या तळाला खांब ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधायचं, बोटही त्या जाळ्यालाच बांधायची आणि पाण्याची ओढ मासळी आत आणेपर्यंत इंजिन बंद करून बसून राहायचं. खांबांच्या त्या जागेला कव म्हणतात, आणि तिची खूण म्हणून वर पाण्यावर तरंगतो तो बोया. उत्तरेकडच्या गावाशी जुना करार होता, की अमुक रेघेच्या पलीकडे, मावळतीकडे, कोणी कव मारायची नाही. मारली तर त्या बोटीची डोल दोन हंगाम बंद. करारावर दोन्ही गावांच्या सह्या होत्या. बोंबलांची नव्हती. ते दरवर्षी आणखी थोडे मावळतीकडे सरकत गेले.

मर्लिनचा नवरा गॉडफ्रे त्यांच्या मागोमाग सरकला. तीन वर्षांपूर्वी त्याने रेघेपलीकडे सात मैलांवर गुपचूप नवी कव मारली. डबा आला तेव्हा घरात पंचाईत झाली, आणि तोड काढली ती सासऱ्याने. पास्कल चाळीस वर्षं तांडेल होता, बोट चालवून गुडघे गेले तसा काठावर बसला होता, पण डोकं अजून दर्यावरच होतं.

"जुन्या कवेच्या बोयाला बांध डबा," तो सुनेच्या देखत लेकाला म्हणाला होता. "ऱ्हाव दे तटं डुलत. पडद्यावाल्यांना ठिपका पायजे ना? दिला ठिपका."

तेव्हा मर्लिनही हसली होती. गॉडफ्रे जाताना डबा बोयाला अडकवायचा, येताना काढून आणायचा, आणि मर्लिन सकाळी सहाला 'बरोबर' म्हणायची. बाकीच्या आठ बोटींचं तिला काही ठाऊक नव्हतं. या गावात एक रीत होती, दर्यावर दिसलं ते काठावर बोलायचं नाही. कोणाची डोल कुठे, हे पुरुष एकमेकांचं बघायचे आणि घरी येऊन बायकोलाही सांगायचे नाहीत. आपल्या घरचं तेवढं घरात असायचं.

सातला दहा कमी असताना फोन वाजला. धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून जेटीचं टोकही दिसत नव्हतं.

"मर्लिनताई, उन्नती बोलतेय, कंट्रोल रूममधून." उन्नती दक्षिणेकडच्या मोठ्या बंदरात अधिकारी होती. विरारला फ्लॅटमध्ये राहायची आणि डबे वाटायला, शिकवायला तीच आली होती. तिचा आवाज झोप न झालेल्या माणसाचा होता. "आमच्या कॉम्प्युटरांना कोणीतरी परवापासून कुलूप घातलंय ना, ते अजून उघडलं नाही. धक्क्यांचं, जहाजं आत आणणाऱ्या पायलटांचं, आमचं स्वतःचं सगळं बंद. दोन दिवस अख्खं बंदर सागरपटावर चाललंय. टगवाल्यांनी त्यांची माहिती टाकली, शेजारच्या बंदराने जहाजं नांगरायला त्यांची जागा दिली, तुम्ही लोकांनी बोटी दाखवल्या. नाहीतर आम्ही आंधळे झालो होतो."

"आमच्यामुळे कसलं, मॅडम," मर्लिन म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"अहो, खरंच. म्हणूनच सांगायला फोन केला. तीन मोठी जहाजं आता उत्तरेला हलवतेय, तुमच्या समोरून. धुक्यात लाकडी बोटी रडारवर धड दिसत नाहीत, म्हणून कॅप्टन लोक घाबरत होते. मी म्हटलं, घाबरू नका, पाचूबंदरचे नऊच्या नऊ ठिपके सकाळी सहालाच पक्के झालेत. त्यांच्या मावळतीला सगळं रिकामं आहे. तिथून रस्ता आखलाय. बघून ठेवा फक्त."

फोन बंद झाला. मर्लिनने पडद्याकडे पाहिलं. एक निळी रेघ दक्षिणेकडून वर चढत होती. रेघ नऊ लाल ठिपक्यांपासून चांगली सात मैल लांब होती. म्हणजे नेमकी गॉडफ्रेवर.

गॉडफ्रे, त्याच्याबरोबर चार खलाशी, इंजिन बंद, बोट जाळ्याला बांधलेली. दोर सोडून, इंजिन सुरू करून बाजूला व्हायला पाच-सात मिनिटं तरी लागणार, आणि या धुक्यात जहाज दिसेल तेव्हा अर्धं मिनिटही हातात नसेल. तिने वायरलेस उचलला आणि बोटीचं नाव घेऊन हाक मारली.

"गॉडफ्रे, गॉडफ्रे, सागरमाता. ऐकू येतंय का? सागरमाता."

नुसती खरखर. तिने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. कवेवर असताना गॉडफ्रे वायरलेस बंद ठेवायचा, उगाच कोणाला सुगावा नको म्हणून. मोबाइलची रेंज तिथवर कधीच नव्हती. हेही सगळं त्यांनी दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि तेव्हा ती फार शहाणपणाची गोष्ट वाटली होती.

दारात काठीचा आवाज झाला. पास्कल रोज सातला ऑफिसात चहाला यायचा. सुनेचा चेहरा बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"काय जालं?"

तिने सांगितलं. तो पडद्याजवळ गेला, चष्मा वर केला, निळ्या रेघेवर बोट ठेवून बघत राहिला.

"जहाज कवा पोचंल?"

"अर्धा तास. त्याहूनही कमी. पपा, मी मॅडमना फोन करते. खरं सांगते."

"थांब." पास्कलचा हात तिच्या हातावर आला. "फोनवर सांगशील तर पडद्यावर पडंल. पडद्यावर पडलं का उत्तरवाल्यांना दिसंल. दोन हंगाम डोल बंद. तुजी नोकरी जाईल ती येगळीच. आनि एकटा गॉडफ्रेच चोर ठरंल गावात. दर्या मोठा हाय, पोरी. जहाज एक आनि बोट येवढीशी. लागंलच असं नाय."

"आणि लागलं तर?"

म्हाताऱ्याने तिचा हात आणखी घट्ट धरला. मर्लिनला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. रागाच्या भरात तिने नजर पडद्याकडे वळवली, आणि ती तिथेच खिळली.

ठिपके हलले नव्हते.

पाणी साडेसहाला फिरलं होतं. ओहोटी संपून भरती लागली की डोल उलट्या दिशेला वळते, आणि तिला बांधलेली बोट तिच्याबरोबर शे-दीडशे पावलं फिरते. ही गोष्ट पाचूबंदरात पोरासोरांनाही ठाऊक असते. गॉडफ्रेचा ठिपका फिरणार नव्हताच, तो बोयावर होता. पण मासळीवाल्या विनीच्या घरच्या बोटीचा? तोही होता तिथेच. क्लिफर्डचा, बाकीच्यांचे? मर्लिनने तासाभराची हालचाल उलटी फिरवून पाहिली, पुन्हा पाहिली. नऊच्या नऊ ठिपके एका जागी नुसते डुलत होते.

"पपा," ती हळूच म्हणाली, "सगळ्यांनीच बोयाला बांधलेत."

पास्कलने वर केलेला चष्मा खाली घेतला. त्याला ठाऊक होतं. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला कोण कुठे सरकलंय हे कळणारच, आणि काठावर बोलायचं नाही हेही त्याच्या हाडामासात होतं. गावातल्या प्रत्येक घराने स्वतःला एकटंच हुशार समजून तेच केलं होतं. नऊ घरांच्या हुशारीने नकाशावर एक सुरेख रिकामा पट्टा तयार झाला होता, आणि उन्नतीने विश्वासाने त्याच पट्ट्यातून जहाजं सोडली होती.

मर्लिनने सासऱ्याचा हात बाजूला केला आणि फोन लावला.

"मॅडम, जहाजं थांबवा. आमचे ठिपके खोटे आहेत."

"खोटे म्हणजे?"

"डबे बोयांना बांधलेत. बोटी तिथे नाहीत. तुमच्या रस्त्यात आहेत. सकाळी बटण मी दाबलं, माहीत असून दाबलं. काय करायचं ते नंतर करा माझं. आधी थांबवा."

उन्नती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मर्लिनला वाटून गेलं. तिने कोणाला तरी भराभरा इंग्रजीत आणि हिंदीत सूचना दिल्या आणि पुन्हा फोनवर आली. "मागची दोन थांबतील. पहिलं नाही थांबणार. तीनशे मीटरचं धूड आहे, आता मशीन बंद केलं तर प्रवाहात वाहत जाऊन कुठेही बसेल. उजवीकडे पाणी कमी, डावीकडे दुसरी जहाजं नांगरलीत. त्याला बोटींच्या मधूनच काढावं लागणार. फट कुठे आहे? मला नऊच्या नऊ बोटींच्या खऱ्या जागा पाहिजेत, आकड्यांत. एक जरी कमी असली तर मी त्याला नेमकी तिच्यावर नेईन. पंधरा मिनिटं आहेत, मर्लिनताई. जास्तीत जास्त अठरा."

मर्लिन ऑफिसचा मोबाइल हातात तसाच धरून लिलावाच्या शेडकडे धावली. पास्कल काठी टेकत मागून आला.

शेडमध्ये बायका पाट्या घेऊन बोटींची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्यात सर्वांत पुढे विनी, म्हातारी, जाडजूड, लिलावात तिच्या आवाजापुढे कोणाचं काही चालायचं नाही. मर्लिनने चार वाक्यांत सगळं सांगितलं. जहाज, धुकं, रेघ, डबे. डब्याचं नाव निघताच बायकांच्या माना खाली गेल्या आणि प्रत्येकीने शेजारणीकडे न बघण्याची काळजी घेतली.

"आमचा डबा बोटीवरच हाय," विनी म्हणाली.

"विनीबाय, पाणी फिरून अर्धा तास झाला. तुमचा ठिपका हललेला नाही."

"मशीन बिघाडलं असंल."

"नऊच्या नऊ?"

विनी समुद्राकडे बघू लागली. तिथे धुक्याशिवाय काहीही नव्हतं.

मर्लिनने आपला मोबाइल काढला. तिच्या फोनमध्ये 'टेलर' नावाने एक नंबर होता. तो कोणत्याच टेलरचा नव्हता. मागे एकदा बोटीवरचं यंत्र बंद पडलं आणि गॉडफ्रेला स्वतःची कव सापडेना, तेव्हापासून कवेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे घरात कुठेतरी असावेत म्हणून तिने ते असे लपवले होते. ते नाव तिने उघडलं. तीन वर्षं या आकड्यांवर घर चाललं होतं, पोरीची कॉलेजची फी चालली होती. एकदा ते तोंडातून गेले की परत यायचे नव्हते.

तिने ऑफिसचा फोन स्पीकरवर टाकला आणि शेडभर ऐकू जाईल असं वाचलं. "सागरमाता. गॉडफ्रेची बोट. एकोणीस, अठरा, चाळीस. बहात्तर, सव्वीस, दहा. ही रेघेच्या पलीकडे आहे. आम्ही करार मोडला. लिहून घ्या, मॅडम."

"घेतलं," उन्नतीचा आवाज आला. "पुढची?"

पास्कल खांबाला टेकून डोळे मिटून उभा होता.

"पुढची," उन्नती पुन्हा म्हणाली. "तेरा मिनिटं."

"विनीबाय," मर्लिन म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात विनवणी उरली नव्हती, "तुमची दोन पोरं आहेत बोटीवर. तुम्हाला कव पाहिजे का पोरं?"

विनीने कमरेची पिशवी उघडली. मोबाइल बाहेर काढला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "मला वाचता येत नाय चष्म्याबगर. हे बघ, 'गॅसवाला' म्हनून हाय." तिचा तो लिलाव गाजवणारा आवाज पार बसला होता. मर्लिनने तिच्या हातातून फोन घेऊन आकडे वाचले. मग जणू बांध फुटला. एकीचे आकडे 'डॉक्टर' नावाखाली निघाले, एकीचे 'केबल'. एकीने मिस्साच्या, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेच्या, पुस्तकात कागद ठेवला होता, तो आणायला तिची पोरगी धावत घरी गेली आणि चप्पल हातात घेऊन परत आली. एकीला आकडे तोंडपाठ होते. दोघी घरी होत्या, त्यांना फोन केले. त्यातली एक आधी नाही-नाही म्हणत होती. विनीने फोन ओढून घेऊन तिला असं काही सुनावलं की ती रडत रडत आकडे सांगू लागली.

"आठ झाल्या," उन्नती म्हणाली. "नववी? सहा मिनिटं."

नववी बोट क्लिफर्डची. क्लिफर्डला बायको नव्हती, आई गेलेली, बाप ऑस्टिन तो लहान असतानाच दर्यात गेलेला. त्याच्या घराला कुलूप. त्याचे खलाशी बाहेरगावचे. त्याची कव कुठे आहे हे सांगणारं काठावर कोणीच नव्हतं. गावात नुसती कुजबुज होती, की क्लिफर्डला अशी भरलेली जागा सापडली कशी.

"आठांवरून मला दोन फटी दिसतायत," उन्नती म्हणाली. "एक गॉडफ्रेच्या उत्तरेला, मोठी आहे. दुसरी दक्षिणेला, अरुंद. मी उत्तरेची घेते. कॅप्टन विचारतोय, नक्की का? मर्लिनताई, नक्की का?"

मर्लिनला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही'ही. सहा वाजता तिने कसा फटकन होकार दिला होता.

"उत्तरंला नको."

पास्कल खांबापासून सुटून पुढे आला होता. त्याने फोनवर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने सांगितलं, "उत्तरंला क्लिफर्ड हाय. एकोनीस, वीस, पाच. बहात्तर, सव्वीस, तीस. नक्की. धा हातांचा फरक नाय पडनार."

"आजोबा, तुम्हाला कसं माहीत?"

"माजीच कव हाय ती."

मर्लिनने सासऱ्याकडे पाहिलं. पास्कलची सगळ्यांत चांगली कव, पस्तीस वर्षांपूर्वीची, तिच्या गोष्टी तिने लग्न झाल्यापासून ऐकल्या होत्या. घरात सगळ्यांना माहीत होतं की ती कव मेली, गाळ भरला, तिथे काही मिळत नाही. गॉडफ्रे बापाकडे किती वेळा त्या जागेचे आकडे मागून थकला होता. प्रत्येक वेळी एकच उत्तर, मेली ती.

"दक्षिणेची फट घेते," उन्नती म्हणाली आणि तिकडे वळली. मग शेडमध्ये फक्त फोनमधून येणारे दूरचे आवाज, आकडे, दिशा, कोणीतरी 'स्टेडी, स्टेडी' म्हणतंय. विनीने रोझरी काढली होती पण ती तोंडाने काहीच पुटपुटत नव्हती, नुसते मणी घट्ट धरून होती. मर्लिनने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली आणि दोनदा आकडा चुकला.

मध्येच उन्नतीचा आवाज आला, "अहो, हे काय चाललंय? उत्तरेकडच्या गावाचे ठिपके हलतायत! एकेक करून सरकतायत. सात झाले. तेही मावळतीला!"

पास्कलच्या गळ्यातून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, मर्लिनला कळलं नाही. सागरपटावर पाचूबंदरच्या खऱ्या जागा उमटताना उत्तरवाल्यांनी बघितल्या होत्या आणि त्यांच्या कारकुनाने मुकाट्याने आपल्याही खऱ्या करून टाकल्या होत्या. करार दोन्ही गावांनी सारखाच पाळला होता.

"बरं झालं," उन्नती श्वास टाकून म्हणाली. "मागच्या दोन जहाजांना मी यांच्यावरच पाठवणार होते."

मग ती पुन्हा तिकडे वळली, पुन्हा आकडे, पुन्हा 'स्टेडी'.

"गेलं," ती शेवटी म्हणाली. "पहिलं पार झालं. कॅप्टन म्हणतो, उजव्या बाजूला एक बोट दिसली, लोक उभे राहून हात हलवत होते. शिव्या देत असतील." तिचा आवाज फुटला. "मर्लिनताई, मी नंतर बोलते तुमच्याशी. आता नाही बोलू शकत."

बोटी अकराच्या सुमाराला, धुकं विरल्यावर आल्या. सागरमाता पहिली. गॉडफ्रे धक्क्यावर उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, हातात बोयावरून काढून आणलेला डबा. मर्लिनने सगळ्यांच्या देखत त्याला धरलं. एरवी तिने असं कधीच केलं नसतं.

"डोल फाटली," तो म्हणाला. "लाटेनेच फाटली, एवढी मोठी लाट. भिंत गेली भिंत बाजूनं, मर्लिन. वर मान करून पण शेंडा दिसं ना. आमी सगळे कोकलत होतो. उत्तरंकडनं पन कोन तरी भोंगा वाजवत होतं. क्लिफर्ड." तो बापाकडे वळला. "पपा, सगळे बोलतात तुमी आकडे दिले त्याचे. त्याची कव तुमाला कशी ठाव?"

शेडमधल्या बायका एकदम कामाला लागल्या. कान मात्र सगळ्यांचे इकडेच होते.

"ती माजी कव," पास्कल म्हणाला. "मेली नव्हती. ऑस्टिन तटं पडला माज्या बोटीवरनं. मी दोर लवकर सोडला. त्याचा पाय दोरात होता, मी बघितला नाय. क्लिफर्ड मोठा जाल्यावर त्याला आकडे दिले. तुला नाय दिले. कोनालाच नाय सांगितलं." एवढं बोलून तो खाली बसला, तिथेच, ओल्या फरशीवर.

गॉडफ्रे उभाच राहिला. त्याच्या जबड्याची हाडं हलत होती. पस्तीस वर्षं बाप खोटं बोलला होता, आणि तीच भरलेली कव परक्याच्या हाती दिली होती. मर्लिनला त्याचं मन वाचता येत होतं. तेवढ्यात क्लिफर्डची बोट धक्क्याला लागली. क्लिफर्ड पुढे उभा राहून दोर फेकायच्या तयारीत होता, पण दोर धरायला धक्क्यावर नेहमीसारखंच त्याचं कोणी नव्हतं.

गॉडफ्रेने डबा मर्लिनच्या हातात दिला, चार ढांगांत कडेला गेला आणि क्लिफर्डचा दोर धरला.

दुपारी बारा वाजता सागरपटावर पुन्हा तोच प्रश्न आला, 'पाचूबंदर, नऊ बोटी, जागा बरोबर?' नोकरी राहील की जाईल, उन्नतीने अजून कळवलं नव्हतं. रविवारी मिस्सानंतर दोन्ही गावांची बैठक ठरली होती आणि तिथे काय बोलणी बसणार होती याचा अंदाज मर्लिनला होता. बाहेर क्लिफर्ड आणि गॉडफ्रे मिळून एकेका बोटीच्या केबिनला भोकं पाडून त्यावर डबे स्क्रूने पक्के बसवत होते. मर्लिनचा हात हिरव्या बटणापर्यंत गेला आणि थांबला. ती उठली, समुद्राकडच्या खिडकीपाशी गेली आणि बोट दाखवत धक्क्यावरच्या बोटी मोजल्या. दीड वर्षात बटण दाबण्याआधी ती एकदाही या खिडकीपाशी आली नव्हती.

नऊ होत्या. तिने पुन्हा एकदा मोजल्या आणि मग बटण दाबलं.